वाचक विचारतात : जुन्या गाडीला क्रूझ कंट्रोल घरी बसवावे का?

प्रश्न : माझ्याकडे इसुझूच्या १.८ लिटर पेट्रोल इंजिनाची, पाच गिअरची काँटेसा क्लासिक आहे. ती घेतल्यापासून मीच चालवतो आणि बारीकसारीक कामेही घरीच करतो. महिन्यातून दोनदा साताऱ्याहून कोल्हापूर आणि पुढे बेळगावपर्यंत जाणे होते. एकाच जागी पाय दाबून ठेवणे आता उजव्या गुडघ्याला सोसत नाही. परदेशात राहणाऱ्या मुलाने कोणत्याही गाडीला बसणारे, पेडलवर पाय न ठेवता वेग कायम राखणाऱ्या क्रूझ कंट्रोलचे किट आणून दिले आहे. त्यात केबल ओढणारा, विजेवर चालणारा अ‍ॅक्च्युएटर, केबल, चुंबक, सेन्सर कॉइल, हाताने दाबायची बटणे आणि वायरिंग आहे. गाडीच्या मूळ रूपाला धक्का न लावता हे घरी बसवता येईल का? कुठे जपावे?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : बसवता येईल. आपल्यासारख्या हात चालणाऱ्या माणसाला दोन-तीन सुट्ट्यांचे काम आहे. मात्र कामाचा क्रम किटच्या कागदात दिलेला असेल त्याच्या उलटा ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कागदात बहुधा आधी अ‍ॅक्च्युएटर, मग केबल, मग वायरिंग आणि सर्वांत शेवटी ब्रेक व क्लचचे स्विच असा क्रम असतो. आपण सुरुवात स्विचपासून करावी. क्रूझ कंट्रोल वेग किती चांगला धरते हे कोल्हापूरला पोहोचेपर्यंत कळेलच; ते वेग किती लवकर आणि किती खात्रीने सोडते हे मात्र गाडी घरासमोर उभी असतानाच कळले पाहिजे. म्हणून सोडण्याच्या सगळ्या वाटा तपासून पक्क्या होईपर्यंत केबल कार्ब्युरेटरला जोडूच नये.

त्याआधी गाडीचे दोन भाग उघडून पाहावेत. इंजिन बंद असताना एअर क्लीनर उतरवावा, कार्ब्युरेटरवरचा थ्रॉटलचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा) लिव्हर बोटाने पूर्ण उघडावा आणि सोडून द्यावा. तो ‘टक’ असा स्पष्ट आवाज करत बंद जागी आदळला पाहिजे. असे दहा-बारा वेळा, हळू आणि झटक्याने, दोन्ही प्रकारे करून पाहावे. एकदाही तो शेवटच्या दोन मिलिमीटरवर रेंगाळला, तर स्पिंडल झिजलेला आहे, स्प्रिंग दमलेली आहे किंवा जोडकाम कोरडे पडले आहे असे समजावे आणि ते दुरुस्त होईपर्यंत किटची पेटी बंदच ठेवावी. पायाने चालवताना हे रेंगाळणे आपल्या लक्षातही येत नाही, कारण पाय नकळत पेडल सावरून घेतो. यंत्र सावरत नाही. एकच रिटर्न स्प्रिंग असेल तर दुसरी, स्वतंत्र जागी अडकवलेली स्प्रिंग लावावी. एक तुटली तरी दुसरीने थ्रॉटल बंद झाला पाहिजे. किटची केबल आल्यावर स्प्रिंगवरचा भार थोडा वाढतो, म्हणून ही दुसरी स्प्रिंग चैनीची वस्तू समजू नये.

पाहण्याचा दुसरा भाग म्हणजे ब्रेक लाइटचा स्विच. अनेक जुन्या गाड्यांत हा स्विच ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो. पेडल दाबले, पाइपात दाब तयार झाला, की मग आतला डायफ्रॅम सरकतो आणि दिवा लागतो. वय झालेला स्विच तर पेडल चांगले जोरात दाबल्याशिवाय जागा होत नाही. मागचा दिवा अर्धा सेकंद उशिरा लागणे एरवीही वाईटच, पण क्रूझ कंट्रोलला सुटण्याचा आदेश याच तारेवरून जाणार असेल तर तो अर्धा सेकंद फार मोठा आहे. आपल्या गाडीत असा स्विच असल्यास पेडलच्या दांड्याजवळ यांत्रिक स्विच बसवावा. पेडल पहिले पाच-सहा मिलिमीटर सरकताच त्याने काम केले पाहिजे. मूळ स्विच काढू नये, तो दिव्यापुरता राहू द्यावा.

यांत्रिक स्विच दोन जोडण्यांचा घेता आला तर फार उत्तम. त्यातली एक जोडणी पेडल दाबताच कंट्रोलच्या (इलेक्ट्रॉनिक्सच्या) डब्याला ‘ब्रेक लागला’ असे कळवते. दुसरी जोडणी एरवी मिटलेली असते आणि पेडल दाबताच उघडते. तिच्यातून अ‍ॅक्च्युएटरच्या विद्युतचुंबकी क्लचचा पुरवठा न्यावा. म्हणजे डब्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सने काही कारणाने आदेश ऐकला नाही, तरी क्लचची वीजच तुटते, मोटर आणि केबल यांचा संबंध सुटतो आणि स्प्रिंग थ्रॉटल बंद करते. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या जुन्या व्यवस्थांमध्ये हेच काम ब्रेकच्या पेडलवर बसवलेली हवेची झडप करत असे. पेडल हलताच डायफ्रॅममध्ये बाहेरची हवा शिरे आणि ओढ संपे. विजेच्या किटमध्ये ती झडप नसते, म्हणून तिची जागा या दुसऱ्या जोडणीने घ्यायची.

क्लचच्या पेडलचा स्विच गाळण्याचा मोह अनेकांना होतो, कारण बरीच किटे मुळात ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांसाठी तयार झाली आणि त्यांच्या पेटीत तो नसतोही. आपली गाडी हाताच्या गिअरची आहे. वेग धरलेला असताना आपण क्लच दाबला की इंजिनावरचा भार एकदम जातो, गाडीचा वेग कमी होऊ लागतो आणि यंत्र तो सावरण्यासाठी थ्रॉटल आणखी उघडते. इंजिन किंचाळत वर जाते. इग्निशन कॉइलवरून फेऱ्यांचा संकेत घेऊन अशी धाव ओळखण्याची सोय काही किटमध्ये असते, पण पॉइंट असलेल्या इग्निशनमध्ये तो संकेत खरखरीत येतो आणि मी त्यावर विसंबत नाही. पेडलवर छोटा चुंबक आणि समोर रीड स्विच (चुंबकाने चालणारा छोटा स्विच) लावला की काम होते, आणि गाडीला भोकही पाडावे लागत नाही.

इथे माझा एक अनुभव सांगणे उपयोगाचे होईल. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीत असेच किट बसवले तेव्हा सगळे जोडून झाले, चाचणीचा दिवा लागला, पण रस्त्यावर यंत्र वेग धरायलाच तयार होईना. दोन संध्याकाळी मी डब्याची एकेक तार मल्टिमीटरवर तपासली. ब्रेक लाइटच्या दिव्याकडे जाणाऱ्या तारेवर किटची एक तार असते. ब्रेक न दाबता त्या तारेला बल्बच्या फिलामेंटमधून अर्थ मिळतो, आणि तो मिळाला तरच ब्रेकची वाट शाबूत आहे असे यंत्र मानते. माझ्या गाडीत तो मिळत नव्हता. मागचा दिवा उघडला तर डावा बल्ब गेलेला आणि उजव्या दिव्याच्या पत्र्यावर तांबूस गंजाचा थर; ब्रेक दाबला की तिथे उदबत्तीच्या टोकाएवढा उजेड दिसे. पॉलिश पेपरने पत्रा घासला, नवा लग दाबून स्वतंत्र अर्थिंगची तार बॉडीला नेली, बल्ब बदलला, आणि यंत्र पहिल्याच प्रयत्नात चालले. किती दिवस मी मागच्या गाड्यांना ब्रेकची सूचना न देता चालवत होतो, हे मला त्या नकारामुळे कळले. म्हणून आपणही दोन्ही दिवे, त्यांचे अर्थिंग आणि सॉकेट आधी पाहून घ्यावेत. मागे एलईडी बल्ब घातले असतील तर हीच अडचण वेगळ्या कारणाने येते, कारण एलईडीमधून फिलामेंटसारखा अर्थ मिळत नाही. अशा वेळी जुने बल्ब परत घालावेत किंवा किटसोबत सुचवलेला रिले वापरावा.

आता वेगाचा संकेत. आपल्या गाडीला मागच्या चाकांना ताकद देणारा प्रोपेलर शाफ्ट आहे, ही मोठी सोय आहे. शाफ्टवर चुंबक आणि जवळ कॉइल, एवढेच करायचे आहे. स्पीडोमीटरच्या केबलला हात लावावा लागत नाही. चुंबक शाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाजवळ बसवावेत, कारण मागचे टोक मागच्या चाकांबरोबर खालीवर होते आणि कॉइलचे अंतर दर खड्ड्याला बदलते. दोन चुंबक असतील तर ते अगदी समोरासमोर यावेत, नाहीतर शाफ्टचा तोल जाऊन गाडी थरथरेल. हिशोब समजावा म्हणून उदाहरण घेऊ. टायरचा घेर १.८ मीटर आणि डिफरन्शियलचे प्रमाण ४ ला १ (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार फेरे) धरले, तर एका किलोमीटरला चाक सुमारे ५५५ आणि शाफ्ट सुमारे २,२२० फेरे घेईल. दोन चुंबकांचे एका किलोमीटरला ४,४४० ठोके होतील आणि ताशी ८० किलोमीटर वेगाला सेकंदाला जवळपास ९९ ठोके डब्याकडे जातील. आपल्या गाडीचे आकडे टायर जमिनीवर एक फेरा फिरवून आणि शाफ्टचे फेरे खडूच्या खुणेने मोजून काढावेत आणि डब्यावरचे छोटे स्विच त्या हिशोबाने लावावेत. किट अमेरिकी असेल तर ठोक्यांचा आकडा मैलाला दिलेला असतो. तेव्हा किलोमीटरच्या आकड्याला १.६१ ने गुणायला विसरू नये.

केबलच्या बाबतीत एक चूक मी फार ठिकाणी पाहिली आहे. केबलचे बाहेरचे कवच आतल्या मडगार्डच्या पत्र्यावर पकडलेले असते आणि आतली तार कार्ब्युरेटरच्या लिव्हरला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले आहे, ते भार आला की डुलते. पत्रा डुलत नाही. त्यामुळे इंजिन कलले की तार आपोआप ओढली जाते, थ्रॉटल उघडतो, इंजिन आणखी कलते. कवच पकडणारी पट्टी म्हणून नेहमी इंजिनावर, शक्य तर कार्ब्युरेटरच्याच बोल्टवर घ्यावी. तारेची ओढ लिव्हरच्या फिरण्याच्या रेषेत असावी. थ्रॉटल पूर्ण बंद असताना तारेत तीन-एक मिलिमीटर ढील हवी, त्यापेक्षा जास्त नको. लिव्हरला ती लांबट भोकाच्या पट्टीने किंवा मण्यांच्या साखळीने जोडावी, म्हणजे यंत्राला लिव्हर ओढता येईल पण अडवता येणार नाही, आणि पुढच्या गाडीला ओलांडायला आपण पायाने पेडल दाबाल तेव्हा केबल मध्ये येणार नाही. अ‍ॅक्च्युएटर एक्झॉस्टपासून दूर, आणि केबलला मोठे, ऐसपैस वळण मिळेल अशा जागी ठेवावा.

वायरिंगची वाट डिस्ट्रिब्युटर, कॉइल आणि प्लगच्या वायरपासून लांब ठेवावी. प्लगच्या वायर साध्या तांब्याच्या असतील तर त्या बदलून रेझिस्टर असलेल्या घ्याव्यात, नाहीतर ठिणग्यांचा गोंगाट डब्याला वेगाचे ठोके वाटू शकतो. पुरवठा इग्निशनच्या किल्लीनंतरचा, स्वतंत्र फ्यूजमधून आणि डॅशखाली सहज हाताला येईल अशा मुख्य बटणातून घ्यावा. मूळ रूप जपण्याची आपली इच्छा मला मनापासून पटते. बटणांसाठी डॅशला भोक पाडू नये. स्टिअरिंग कॉलमच्या खालच्या आवरणाला पकडणारी छोटी पट्टी वाकवून घ्यावी. मूळ वायर कापण्याऐवजी जोडकनेक्टर करून घ्यावेत, म्हणजे उद्या सगळे काढले तरी गाडी जशी होती तशी राहील.

सगळे झाल्यावर, केबल जोडण्यापूर्वी, किल्ली सुरू करून टेस्ट लॅम्पने पाहावे : ब्रेक हलकेच दाबला की अ‍ॅक्च्युएटरच्या विद्युतचुंबकी क्लचचा पुरवठा तुटतो, गाडीच्या क्लच पेडलने तुटतो, मुख्य बटणाने तुटतो. मगच केबल जोडावी. पहिली रस्ताचाचणी पहाटे, सरळ आणि रिकाम्या रस्त्यावर, सोबत एक जाणता माणूस घेऊन, ताशी ५५-६० किलोमीटरवर करावी. बहुतेक किटे ४०-४५ च्या खाली वेग धरतच नाहीत. वेग धरताच लगेच ब्रेकने सोडवावा, पुन्हा धरून क्लचने, पुन्हा धरून बटणाने. काही बिनसलेच तर क्लच दाबून मुख्य बटण बंद करावे. चालत्या गाडीत किल्ली काढण्याचा विचारही करू नये, स्टिअरिंग लॉक होईल. गाडी वेग धरताना हेलकावे देत असेल, म्हणजे ८० ला ठेवली असता ७६ ते ८४ अशी झुलत असेल, तर आधी केबलची ढील कमी करावी आणि मगच डब्यावरची संवेदनशीलता एक पायरी उतरवावी. कार्ब्युरेटरचा थ्रॉटल पहिल्या काही अंशांतच पुष्कळ हवा आत घेतो, त्यामुळे तिथली थोडी ढीलही मोठी वाटते.

वापर कुठे करावा, याबद्दल स्पष्ट लिहितो. सातारा ते कऱ्हाड, कऱ्हाड ते कोल्हापूर अशा मोकळ्या पट्ट्यांवर, उजेडात, कोरड्या रस्त्यावर करावा. पुण्याकडे जाताना खंबाटकी आणि कात्रजला मुख्य बटण बंदच असावे. हे यंत्र फक्त थ्रॉटल उघडते आणि मिटते, ब्रेक लावत नाही. उतारावर थ्रॉटल पूर्ण मिटला तरी पाचव्या गिअरमधली जड काँटेसा वेग घेतच राहील. पावसातही नको. मागची चाके पाण्यावर घसरली तर शाफ्ट वेगाने फिरतो, रस्त्याचा वेग आणि शाफ्टचा वेग यांचे नाते तुटते आणि यंत्राला मिळणारा आकडा खोटा ठरतो. आपल्या महामार्गांवर दुभाजकाच्या फटीतून दुचाकी किंवा जनावर केव्हाही समोर येते, म्हणून यंत्र चालू असताना पाय मांडी घालून वर घेऊ नये. तो ब्रेकच्या जवळ, टाच जमिनीवर टेकून ठेवावा. गुडघ्याला आराम तेवढ्यानेही मिळतो.

कायद्याच्या बाजूने, मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. या कामाने इंजिन, चासिस, आसने, इंधन यांपैकी काहीच बदलत नाही. तरीही पंधरा वर्षांनंतरच्या दर पाच वर्षांनी होणाऱ्या तपासणीत निरीक्षकांना ते दाखवावे आणि विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी.


प्रश्न : आमच्याकडे वडिलांच्या काळातली, १९६५ ची विलीज घडणीची जीप आहे. डॅशवर हँड थ्रॉटलची मूठ आहे. ती ओढून ठेवली की पाय न लावता जीप चालते, मग वेगळ्या क्रूझ कंट्रोलची गरजच काय? आणि किट बसवायचे झाले तर व्हिंटेज नोंदणीला अडचण येईल का?
(एक वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर : कृपया रस्त्यावर ती मूठ त्या कामासाठी वापरू नये. हँड थ्रॉटल थ्रॉटलची जागा धरून ठेवतो, वेग नाही. चढ आला की जीप मंदावते, उतार आला की सुटते. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की ब्रेक दाबल्यावर ती मूठ आपोआप आत जात नाही. आपण एका पायाने जीप थांबवत असता आणि इंजिन तिला पुढे ढकलत असते. क्लच दाबावा तर इंजिन वर उडते. ही मूठ उभ्या जीपवरून पंप, करवत किंवा विंच चालवण्यासाठी, फार तर शेतात अगदी संथ चालीसाठी दिलेली आहे. शेतीकामाच्या विलीज जीपना तर त्यासाठी वेगळा गव्हर्नरही मिळत असे.

हा फरक नेमका कळावा म्हणून थोडा इतिहास सांगतो. फिरत्या गोळ्यांच्या साहाय्याने वेग स्थिर ठेवणारा गव्हर्नर जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला लावला. मोटारीसाठी ही कल्पना वापरण्यायोग्य केली ती अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील अभियंते राल्फ टीटर यांनी. १८९० साली जन्मलेल्या टीटर यांची दृष्टी लहानपणीच एका अपघाताने गेली होती. त्यांचे वकील गाडी चालवताना बोलू लागले की वेग कमी करत आणि ऐकू लागले की वाढवत. गाडीचे ते हिसके शेजारी बसलेल्या टीटर यांना असह्य झाले आणि त्यातून त्यांना हे सुचले, असे सांगितले जाते. डोळ्यांनी रस्ता न दिसणाऱ्या माणसाला गाडीच्या वेगातला बारीकसा बदल अंगाने किती स्पष्ट जाणवत असेल, याचा मी अनेकदा विचार करतो. त्यांना १९५० साली पेटंट मिळाले आणि १९५८ च्या क्रायस्लर गाड्यांमध्ये हे उपकरण प्रथम विक्रीला आले. त्या उपकरणाने वेग मोजला, त्याप्रमाणे थ्रॉटल हलवला आणि ब्रेकला पाय लागताच पकड सोडली. आपल्या मुठीत या तिन्हींपैकी एकही गोष्ट नाही.

आता नोंदणीविषयी. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न केलेली खासगी दुचाकी व चारचाकी वाहने व्हिंटेज म्हणून नोंदवता येतात. त्यांना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो आणि नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. अशी नोंदणी झालेले वाहन रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे, देखभाल एवढ्यासाठीच आणता येते. ज्या जीपला महामार्गावर तासन्‌तास धावायचेच नाही, तिला क्रूझ कंट्रोल कशाला हवे? माझे मत विचाराल तर जीप जशी आहे तशी राहू द्यावी. खर्च करायचाच असेल तर ब्रेकचे ड्रम, व्हील सिलिंडर आणि स्टिअरिंगचा खेळ यांवर करावा. साठच्या दशकातल्या जीपमध्ये स्टिअरिंग बोटभर सैल असणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि अशा गाडीत पायाला विश्रांती देण्याआधी हातांना खात्री द्यायला हवी.


प्रश्न : माझ्या डिझेल अ‍ॅम्बेसेडरसाठी व्हॅक्यूमवर चालणारे जुने क्रूझ कंट्रोल मिळाले आहे. व्हॅक्यूम कुठून घ्यावा?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : ते घेऊ नये. पेट्रोल इंजिनात अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमुळे मॅनिफोल्डमध्ये (इंजिनाला हवा नेणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम तयार होतो आणि डायफ्रॅम त्याच ओढीवर चालतो. साधारणपणे डिझेल इंजिनात असा थ्रॉटलच नसल्याने तिथे वापरण्याजोगा व्हॅक्यूम मिळत नाही. ज्या डिझेल गाड्यांना ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) आहे, त्यांत तो व्हॅक्यूम वेगळ्या पंपाने तयार होतो, आणि तो पूर्णपणे ब्रेकच्या मालकीचा आहे. त्या नळीत टी-जोड घातला आणि किटची रबरी नळी एखाद्या दिवशी चिरली, तर क्रूझ कंट्रोल बंद पडेल ही गोष्ट किरकोळ आहे. ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट होईल ही नाही. पेट्रोल गाड्यांतही हे जुने प्रकार लांब चढावर दगा देतात, कारण थ्रॉटल उघडत जाईल तसा व्हॅक्यूम उतरतो, म्हणजे ओढ हवी असते तेव्हाच ती संपते. त्यासाठी त्यांना एकदिशा झडपेसह व्हॅक्यूम साठवण्याचा डबा लावावा लागे. आपल्या गाडीसाठी विजेवर चालणारा अ‍ॅक्च्युएटरच योग्य आहे. तो फ्युएल पंपाच्या लिव्हरला जोडताना साताऱ्याच्या वाचकांना स्प्रिंग, ढील आणि स्विच यांबद्दल जे लिहिले आहे ते सगळे लागू होते.


प्रश्न : न्यू जर्सीत माझ्याकडे १९८३ ची मर्सिडीज ३०० डी आहे. तिचे मूळचे क्रूझ कंट्रोल कधी चालते, कधी मध्येच सुटते, थंडीत जास्त. इथले गॅरेज ते काढून बाजारातले नवे किट बसवावे असे म्हणते. आपले मत काय?
(एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : घाई करू नये. या पिढीच्या मर्सिडीजमधले क्रूझ कंट्रोल चांगल्या घडणीचे आहे, आणि कधी चालणे, कधी सुटणे हे त्याच्या एका ओळखीच्या दुखण्याचे लक्षण आहे. डॅशखाली, पेडलांच्या वरच्या बाजूला त्याचा अ‍ॅम्प्लिफायरचा छोटा डबा असतो. चाळीस वर्षांच्या थंडी-उन्हाने त्यातल्या सर्किट बोर्डवरचे सोल्डरचे डाग तडकतात. थंडीत धातू आकसला की तडा उघडतो, आत गरम झाले की मिटतो. म्हणूनच आपल्याला ऋतूचा फरक जाणवतो.

आधी ब्रेक लाइटचे सगळे बल्ब आणि त्यांचे अर्थिंग पाहावे, कारण तिथला दोषही असाच त्रास देतो. मग बॅटरीची वायर काढून डबा उतरवावा आणि बोर्ड बाहेर घ्यावा. चांगल्या उजेडात, भिंगातून, कनेक्टरच्या पिना आणि जड सुटे भाग जिथे बसले आहेत तिथले डाग एकेक करून पाहावेत. तडकलेल्या डागात पिनेभोवती केसाएवढी बारीक, काळसर गोल रेघ दिसते. बोर्ड थोडा तिरका धरला तर ती लवकर सापडते. रेघ दिसो वा न दिसो, त्या भागातले सगळेच डाग जुने सोल्डर ओढून काढून नव्याने द्यावेत. कमी ताकदीचे, बारीक टोकाचे सोल्डरिंग आयर्न वापरावे आणि एका जागी दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नये, नाहीतर बोर्डवरची तांब्याची पट्टी उचलली जाते. डबा परत बसवल्यावर रिकाम्या रस्त्यावर ताशी ४० मैलांच्या आसपास वेग धरावा, ब्रेकने सोडवून पाहावा, आणि हे किमान एका थंड सकाळी पुन्हा करावे. एवढे करूनही दोष राहिला तर इंजिनाजवळचा अ‍ॅक्च्युएटर आणि स्पीडोमीटरच्या मागचा वेगाचा सेन्सर तपासून घ्यावा. गॅरेजने सुचवलेल्या नव्या किटचा विचार त्यानंतर करावा.